घाटात रेंज गेली आणि गेम बंद पडला: विकत घेतलेला खेळ आपला का राहत नाही?

मे महिन्यात कराडहून चिपळूणला निघालो होतो. एसटी कुंभार्ली घाटात शिरली आणि शेजारी बसलेल्या माझ्या भाच्याचा मोबाइल गेम मध्येच थांबला. पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहिलं. फोन पूर्ण चार्ज होता, गेम दोन महिन्यांपूर्वीच उतरवून घेतलेला होता आणि दीड जीबी जागा अडवून फोनमध्येच बसला होता. रेंज गेली होती, एवढंच झालं होतं. त्यानं विचारलं, "मामा, गेम फोनमध्येच आहे की. मग त्याला नेट कशाला लागतंय?"

त्याच्या वयाचा असताना मीही याच घाटातून आजोळी जायचो, हातात ब्रिक गेम घेऊन. पाटण सुटलं की सुरू, ते चिपळूणचा स्टँड येईपर्यंत. त्या खेळाला फक्त पेन्सिल सेल लागायचे. पोराचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला गेलं की गेल्या पस्तीस वर्षांत हा सगळा उद्योग कसा पालटला ते सांगावं लागतं. घाट मोठा होता, तरी मी त्याला अर्धंच सांगू शकलो. उरलेलं इथे लिहितो.

कार्ट्रिज आहे, आत गेम नाही

५ जून २०२५ ला निन्टेंडो या जपानी कंपनीचं 'स्विच २' हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आलं. त्यासोबत 'गेम-की कार्ड' नावाचा एक नवा प्रकार आला. बाहेरून ते नेहमीच्या कार्ट्रिजसारखंच दिसतं. कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत बसवलेली चिप, जिच्यात पूर्वी अख्खा गेम भरलेला असायचा. गेम-की कार्डात गेम नसतो, त्यात फक्त परवानगी असते. कार्ड यंत्रात घालायचं, मग इंटरनेटवरून गेम उतरवायचा आणि पुढेही दर वेळी खेळताना ते कार्ड आत ठेवायचं.

समजा तुम्ही मिठाईवाल्याकडून पैसे मोजून बंद खोकं घरी आणलंत. उघडलं तर आत चिठ्ठी: 'आमच्या कारखान्यावर या आणि पेढे घेऊन जा.' कारखाना चालू आहे तोवर पेढे मिळतील. तो बंद झाला की तुमच्याकडे खोकं आणि चिठ्ठी उरेल. 'स्विच २'चे सगळेच गेम असे नाहीत. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' पूर्ण कार्ट्रिजवर येतो. पण मोठी चिप महाग पडते आणि कार्ड स्वस्तात होतं, म्हणून इतर बऱ्याच कंपन्यांनी ही वाट धरली.

त्याच उन्हाळ्यात युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकलेला गेम कंपनीनं नंतर कायमचा बंद पाडू नये, एवढीच तिची मागणी आहे. आणि ऑगस्टमध्ये आपल्या संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर आल्या, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: गेमचे पैसे कंपनीला नेमके कधी मिळतात. ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मुरलेलं तंत्रज्ञान

निन्टेंडो ही १८८९ साली क्योटोमध्ये हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते बनवायला सुरू झालेली कंपनी. १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण तिथे यंत्रांच्या देखभालीच्या कामावर लागला. रिकाम्या वेळात त्यानं लांबवता येणारा एक खेळण्यातला चिमटा बनवला होता. मालकांना तो आवडला, विक्रीला आला आणि भरपूर खपला. योकोईची रवानगी खेळणी बनवायच्या कामावर झाली.

पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्याला एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो नुसती कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. त्या काळात जपानी कंपन्यांत कॅल्क्युलेटरची तुंबळ स्पर्धा लागलेली होती, त्यामुळे त्याचे एलसीडी पडदे आणि चिप अगदी स्वस्त झाल्या होत्या. योकोईनं त्याच मालातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' काढला. एका यंत्रात एक खेळ आणि एक घड्याळ, खिशात मावेल असं.

त्याच्या विचाराचं सूत्र जपानीत जसं आहे तसं मराठीत आणायचं तर 'मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवळणी वापर' असं काहीसं होईल. नवंकोरं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. वापरून वापरून ज्याच्या सगळ्या खोडी कळल्या आहेत, जे स्वस्त आणि टिकाऊ झालंय, ते घ्यायचं आणि त्याच्याकडून कोणी करून घेतलं नव्हतं असं काम करून घ्यायचं. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वात सुंदर कल्पना वाटते.

२१ एप्रिल १९८९ ला याच विचारातून 'गेम बॉय' आला. त्याचा पडदा हिरवट, त्यावर चारच छटा, मागून उजेड नाही. बस झाडाखालून गेली की पडद्यावरचं दिसेनासं व्हायचं. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा 'गेम गियर' आला, रंगीत आणि उजळ पडद्याचा. कागदावर बघितलं तर गेम बॉय हरायला हवा होता. पण गेम गियर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा, आणि गेम बॉय चार सेलवर साधारण पंधरा तास चालायचा. सेलचे पैसे आईबापांच्या खिशातून जातात, हे योकोईला नीट ठाऊक होतं. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख यंत्रं विकली गेली. गेम गियर एक कोटीच्या थोडा पुढे गेला.

अमेरिकेत गेम बॉयसोबत 'टेट्रिस' हा वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ दिला जायचा. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञानं बनवलेला हा खेळ कुणालाही शिकवावा लागत नाही. गेम बॉयवरचा टेट्रिस ३२ केबीचा होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, तर त्या एका फोटोच्या जागेत शंभराच्या आसपास टेट्रिस मावतील.

आमच्याकडे गेम बॉय नव्हता

आमच्या ओळखीत कुणाकडेच गेम बॉय नव्हता. आमच्याकडे होता ब्रिक गेम. माझ्यासाठी तो मामानं मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेला, पण पुढे तो यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात आणि एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवरही मिळू लागला. चीनमधून आलेली ही टेट्रिसची बिनपरवान्याची नक्कल होती. पडदा म्हणजे आडवे दहा आणि उभे वीस असे दोनशे चौकोन, प्रत्येक चौकोन एकतर काळा किंवा रिकामा. या दोनशे चौकोनांतच ठोकळे, गाड्यांची शर्यत, रणगाडे, साप, सगळं बसवलेलं. खोक्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं. खरे खेळ दहा-वीसच, बाकी आकडा वेग आणि पातळ्या बदलून फुगवलेला. फसवाफसवी तेव्हाही होतीच, पण ती खोक्यावर संपायची. खेळ सुरू झाल्यावर तो तुमच्याकडे पुन्हा काही मागायचा नाही.

सेल मात्र मागायचा. सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो, दातांनी चावायचो. तेवढ्यानं अर्धा तास निघायचा. मग रिमोटचे सेल. मग भिंतीवरच्या घड्याळाचा. आमच्या घरातलं घड्याळ एका उन्हाळ्यात तीनदा दुपारी चारला थांबलं होतं आणि आईला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं.

भांडी स्वतःची आणि भाड्याची

कार्ट्रिज असो की ब्रिक गेम, दोन्हींत खेळ चिपमध्ये कायमचा कोरलेला असायचा. कारखान्यातून बाहेर पडल्यावर तो बदलता यायचा नाही. याचा पहिला परिणाम असा की चूक राहिली तर दुरुस्तीची सोय नव्हती. म्हणून गेम पूर्ण करून, तपासूनच बाहेर पाठवावा लागे. चिपा आधी पैसे घालून बनवून घ्याव्या लागत, आणि गेम फसला तर तो माल गोदामात पडून राही. दुसरा परिणाम, विक्री झाली की कंपनीचा आणि तुमचा संबंध संपायचा. गेम मित्राला द्या, विका, धाकट्या भावाला ठेवा.

आपल्याकडे पितळेच्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरून घ्यायची पद्धत आहे. ते भांडं आजीकडून आईकडे, आईकडून सुनेकडे जातं. मंगल कार्यालयातली भांडीही पितळेचीच असतात, त्यांतही भात तसाच शिजतो. पण कार्य उरकलं की ती मोजून परत द्यावी लागतात. कार्ट्रिज हे नाव कोरलेलं भांडं होतं. आजचे बहुतेक गेम कार्यालयातल्या भांड्यांसारखे आहेत. फरक इतकाच की कार्यालयवाला 'भाड्यानं' असं स्पष्ट म्हणतो आणि गेमच्या दुकानात बटणावर 'खरेदी करा' असं लिहिलेलं असतं. या शब्दावरूनच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळतोय हे न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही.

जुन्या भांड्यालाही चीर जाते, हेही सांगायला हवं. १९९६ मध्ये जपानात आलेल्या पोकेमॉनच्या, म्हणजे काल्पनिक प्राणी पकडायच्या खेळाच्या, कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद टिकवायला घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असायचा. पंधरा-वीस वर्षांनी तो संपतो आणि मुलानं पकडलेले सगळे पोकेमॉन पुसले जातात. पण सोल्डरिंग येणारा कुठलाही कारागीर तो सेल बदलून देऊ शकतो आणि खेळ पहिल्यापासून सुरू करता येतो. त्यासाठी क्योटोतल्या कंपनीची परवानगी लागत नाही.

बॅलन्समधून कापलेले पैसे

हातातल्या खेळाचं दुसरं पर्व आपल्याकडे नोकियानं आणलं. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये 'स्नेक' आला, आणि पुढे ३३१० आणि ११०० या फोनांनी तो घरोघरी पोचवला. फोन बोलण्यासाठी घ्यायचा, साप सोबत यायचा.

त्यानंतर आले जावा गेम, बटणांच्या रंगीत फोनवर चालणारे काही शे केबींचे खेळ. त्यांचा मोठा धंदा मुंबईत उभा राहिला. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी सुरू केलेली 'इंडियागेम्स' त्यात आघाडीवर होती आणि पुढे ती डिस्नेकडे गेली. मोबाइल कंपनीच्या मेन्यूत जायचं, गेम निवडायचा, पैसे बॅलन्समधून कापले जायचे. कोणी बॅलन्स संपल्याचा मेसेज बघून हळहळायचं, कोणी ब्लूटूथवरून मित्राकडून फुकट घ्यायचं.

आपल्या देशात बनलेल्या गेमांची ही पहिली मोठी पिढी. आज तिच्यातले फारच थोडे कुठे खेळायला मिळतात. मोबाइल कंपन्यांची ती दुकानं बंद झाली, फोन भंगारात गेले, आणि या खेळांची प्रत जपून ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. मराठी नाटकांच्या जुन्या संहिता जपायला आपण धडपडतो, जुन्या तबकड्या जमवणारी माणसं गावोगाव आहेत. मुंबईत बसून तरुण मुलांनी इवल्याशा पडद्यासाठी क्रिकेटचे खेळ रचले, ते मात्र वीस वर्षांत हरवले. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे आधी की नंतर?

आता मूळ मुद्दा. गेम बॉयच्या काळात कंपनीला पैसे एकदाच मिळायचे, विक्रीच्या वेळी. तुम्ही नंतर तो दहा तास खेळा की हजार तास, कंपनीला तेवढेच. तिचा सगळा जोर असायचा तो गेम घ्यावासा वाटावा आणि घेतल्यावर तुम्ही चार जणांना सांगावं यावर.

जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं. सुरुवातीला तिथेही गेम किंमत देऊनच घ्यायचे, पण किंमती भराभर उतरल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलनं फुकट ॲपच्या आतही विक्रीला परवानगी दिली आणि सगळा धंदा उलटा झाला. याला 'फ्री टू प्ले' म्हणतात: आत यायला पैसे नाहीत, आत आल्यावर खर्च करायच्या जागा. यात्रेत शिरायला तिकीट नसतं, पाळण्यात बसायला असतं, तसंच.

पण यात्रा चार दिवसांत उठते आणि पाळणेवाल्याला तुम्ही उद्या पुन्हा यायला हवे असं नसतं. फ्री टू प्लेमध्ये कंपनीला पैसे नंतर, थोडे थोडे आणि अनिश्चित मिळतात. बहुसंख्य लोक कधीच पैसे देत नाहीत. थोडे लोक पुष्कळ देतात. म्हणजे जेवढे जास्त लोक, जेवढे जास्त दिवस परत येतील, तेवढी कमाई. खेळाची रचना मग याच गरजेभोवती होते.

२०१२ मधला 'कँडी क्रश सागा' बघा. पाच प्राण मिळतात. हरलात की एक जातो आणि तो परत यायला तीस मिनिटं लागतात. थांबायचं नसेल तर पैसे द्या किंवा ओळखीच्या कुणाकडे मागा. माझ्या ब्रिक गेमचे सेलही संपायचे, पण ते रसायन संपल्यामुळे संपायचे. इथे प्राण संपतात कारण कुणीतरी बसून ठरवलंय की अमुक क्षणी माणूस अडला तर पैसे काढील. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, आठवड्याचा सण, महिन्याचा हंगाम, हे सगळं याच हिशेबातून आलंय.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. त्याचा गेम फोनमध्ये आहे हे खरं. पण त्याची नाणी, त्याची पातळी, आज कोणती ऑफर दाखवायची आणि तो खेळू शकतो की नाही हा निर्णय, हे सगळं सर्व्हरवर आहे. सर्व्हर म्हणजे कंपनीच्या ताब्यातला दूरचा संगणक. काही खेळ दहा जण मिळून खेळतात, त्यांना सर्व्हर हवाच. पण भाचा एकटा खेळत होता. त्याच्या खेळाला सर्व्हर लागत नव्हता, दुकानाला लागत होता.

चिठ्ठी फोडायची

आमच्या शाळेजवळच्या दुकानात एक मोठा पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. चार आणे द्यायचे, एक चिठ्ठी फोडायची. आत निघालेल्या नंबराप्रमाणे बक्षीस, बहुतेकदा एक गोळी, क्वचित फुगा, आणि सगळ्यात वर लटकलेली मोटार कुणालाच लागलेली मी पाहिली नाही. 'लूट बॉक्स' म्हणजे हाच पुठ्ठा. खेळात बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते उघडल्यावर कळायचं. जपानात खेळण्यांच्या नाणेयंत्रांवरून याच प्रकाराला गाचा म्हणतात.

शाळेच्या पुठ्ठ्याला मर्यादा होती. चिठ्ठ्या संपायच्या, आणि तिसऱ्यांदा पैसे काढले की दुकानदार काका म्हणायचे, "पुरे आता, घरी जा." मोबाइलमधला पुठ्ठा कधी संपत नाही आणि तिथे काका नाहीत.

गाचाचा एक जास्तच आक्रमक प्रकार जपानच्या ग्राहक यंत्रणेनं २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना जुगार मानलं. भारताच्या २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, मान्यता दिली. त्याचा रोख रमी आणि फँटसी क्रिकेटसारख्या, रोख रक्कम परत मिळेल या आशेनं खेळल्या जाणाऱ्या गेमांवर आहे. लहान मूल आईच्या यूपीआयवरून खेळातल्या तलवारीसाठी पेट्या फोडत बसतं, ते त्या कायद्याच्या केंद्रस्थानी नाही. आईबापांनी 'आता कायदा झालाय' म्हणून निर्धास्त राहू नये.

"पण फुकट तर मिळतंय ना?"

हा आक्षेप पोकळ नाही. गेम बॉय आमच्या आवाक्यात कधीच नव्हता. आज आटपाडीतली मुलगी साध्या फोनवर जे खेळ खेळते ते फुकट दारामुळेच. जगातल्या गेम उद्योगाच्या कमाईतला जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा आहे. तो याच दारातून आत आलेल्या माणसांनी उभा केला.

माझं म्हणणं किमतीबद्दल नाही. किंमत आधी सांगितली की माणूस हिशेब करतो, मुलाला नाही म्हणतो, वाढदिवसापर्यंत थांबायला सांगतो. किंमत तुकड्यातुकड्यांनी आणि खेळाच्या ऐन भरात मागितली की हा हिशेब होत नाही. रत्नं, नाणी, तिकिटं अशी नकली चलनं मध्ये घालतात तीही रुपयाचा आकडा डोळ्यांआड करायलाच.

"गेम बनवायला केवढा खर्च येतो माहीत आहे का?"

येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीनं दिलेल्या कागदांवरचे आकडे मार्करनं खोडले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या एका गेमचा खर्च होता २२ कोटी डॉलर. एवढी रक्कम लावल्यावर एकदाच विकून ती परत येईल की नाही याची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून मोठ्या कंपन्या 'लाइव्ह सर्व्हिस'कडे, म्हणजे वर्षानुवर्षं चालत राहणाऱ्या ऑनलाइन गेमकडे वळल्या. पण माणसाकडे दिवसाचे तास तेवढेच. असे किती खेळ तो रोज खेळणार? सोनीचाच 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. लोकांचे पैसे परत केले, पण काही वर्षं राबून बनवलेला खेळ दोन आठवड्यांत जगातून नाहीसा झाला. तो वाईट होता की चांगला, हे आता कुणी खेळूनही ठरवू शकत नाही. कार्ट्रिजच्या काळात फसलेला गेमसुद्धा कुणाच्या तरी माळ्यावर उरायचा.

"मग सर्व्हर काय कायम चालू ठेवायचे?"

कुणीच तसं मागत नाही. युरोपातली मोहीम सुरू झाली ती 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवरून. २०१४ मध्ये आलेला हा गेम एकट्यानंही खेळता यायचा, पण त्याला सतत सर्व्हरशी जोडून राहावं लागे. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजलेल्या माणसांच्या हाती काही उरलं नाही. मागणी इतकीच की दुकान आवरताना किल्ली ठेवून जा: शेवटचा एक बदल असा द्या की खेळ नेटशिवाय चालेल, किंवा लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवू द्या. कंपन्या म्हणतात यात खर्च आहे, सुरक्षेचे प्रश्न आहेत, दुसऱ्यांकडून घेतलेल्या संगीताचे आणि सॉफ्टवेअरचे परवाने आडवे येतात. आधीच बनलेल्या गेमांबाबत हे बऱ्याच अंशी पटतं. उद्या बनणाऱ्या गेमांबाबत मला पटत नाही. घर बांधतानाच मागचं दार ठेवलं तर नंतर भिंत फोडावी लागत नाही.

"तुम्हाला तुमचं बालपण आठवतंय, दुसरं काही नाही"

आठवतंय हे खरंच आहे. उन्हात तापलेल्या सेलचा वासही आठवतो. पण आठवणीच्या पलीकडे काही मोजता येण्यासारखं उरतं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० च्या आधी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. २७ मार्च २०२३ ला निन्टेंडोनं ३डीएस या आपल्या जुन्या हातयंत्राचं डिजिटल दुकान बंद केलं, आणि फक्त तिथेच मिळणारे खेळ सरळ मार्गानं घ्यायची सोय संपली.

म्हणून लोक एम्युलेटर वापरतात, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. हातात मावणारी चिनी रेट्रो यंत्रं त्यावरच चालतात. एम्युलेटर आणि गेमची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपलनं एप्रिल २०२४ पासून एम्युलेटरला आपल्या दुकानात जागा दिली आहे, पण गेमची प्रत फुकट वाटणं हा कॉपीराइटचा भंगच आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतींमध्येच धरलंय, त्यामुळे त्याचं संरक्षण कित्येक दशकं चालतं. गेम बॉयसाठी बनलेला खेळ कायद्यानं मोकळा होईपर्यंत त्याच्या चिपा कुजून गेलेल्या असतील. आणि दुकानात तो विकायला कुणी ठेवत नाही. या पेचात आज जुने खेळ जिवंत आहेत ते बहुतांशी हौशी माणसांमुळे, जी स्वतःच्या पैशानं पडकी यंत्रं घेतात, स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरनं घासतात आणि चिपेतला मजकूर उतरवून ठेवतात.

घाटात करून बघायची परीक्षा

ताईनं परवा फोन केला. पोराला दिवाळीत काय घ्यावं, गेमचं यंत्र घेतलं तर चालेल का, असं विचारत होती. मी सांगितलं, यंत्र कुठलंही घे, पण गेमचं खोकं आधी वाच. गेम-की कार्ड असेल तर समोरच्या बाजूला खाली तसं छापलेलं असतं. 'इंटरनेट आवश्यक' लिहिलेलं असेल आणि खेळ एकट्यानं खेळायचा असेल, तर दुकानदाराला कारण विचार. आणि मोबाइलवरचा कुठलाही खेळ पोरानं मागितला, तर पैसे द्यायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून तो उघडतो का बघ.

चिपळूणहून परतताना भाच्यानं ही परीक्षा आधीच घेतली होती. पोफळी मागे पडलं, रेंज जाईल तेवढ्यात त्यानं फोनमधले सगळे गेम एकेक करून उघडून पाहिले आणि वहीत टिपून ठेवले. अकरापैकी तीन चालले. एक बुद्धिबळ, एक शब्दांचं कोडं आणि एक ठोकळ्यांचा खेळ. "मामा, यात लांब दांडी आली की काय करायचं?" त्यानं विचारलं. मी त्याला डावीकडचा एक रकाना मोकळा ठेवायला सांगितला आणि कोयनानगर येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं खेळलो.